फूल की दोन पानं

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जे मतदान झालं त्यात उमेदवार कुणीच नव्हता. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. फुलावर शिक्का म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. दोन पानांवर शिक्का म्हणजे तो केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळाच राहावा. हाच तो जनमत कौल. महाराष्ट्रात त्याची आठवण निघते ती बहुधा हळहळीच्या सुरात, ‘गोवा आपला व्हायचा राहिला’ अशी. मला मात्र त्या कौलात हरलेल्या बाजूचंच जास्त कुतूहल वाटतं. सरकार तिचं होतं, विधानसभा तिची होती, शेजारचं महाराष्ट्रासारखं बलाढ्य राज्य तिच्या पाठीशी होतं, आणि तरी ती हरली.

त्याआधीची पाचच वर्षं पाहा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगालची, म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीची सत्ता होती. छापायचं ते आधी सेन्सॉरला दाखवायचं, त्यातून लग्नाची निमंत्रणपत्रिकाही सुटत नसे. १८ जून १९४६ला राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेऊन बंदी मोडली, तेव्हा मागणी होती ती साध्या नागरी हक्कांची. बोलायचीच चोरी, तिथे मताधिकाराची गोष्ट कोण काढणार? अशा मुलखात मुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत, ९ डिसेंबर १९६३ला, विधानसभेची पहिली निवडणूक झाली.

त्या निवडणुकीत गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. मुक्तीचं श्रेय आपल्याला मिळणार अशा समजुतीत राहिलेल्या पक्षाला हा चांगलाच दणका होता. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे मगोने, सत्ता मिळवली आणि डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. मगोच्या नावातच विलीनीकरण होतं. तेव्हा मगोला मिळालेलं मत हे विलीनीकरणालाच मिळालेलं मत, असा हिशेब पणजीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांनी मांडला. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला.

हिशेब चुकला तो इथे. मगोला मत देणारा कोण होता? भाटकाराच्या जमिनीत राबणारं कूळ, त्याच्याच भाटात घर बांधून राहणारा मुंडकार, पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवला गेलेला बहुजन समाज. बांदोडकर स्वतः खाणमालक, पण बोलत या माणसांच्या भाषेत. त्यांच्या सरकारने कूळकायदा आणला, गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. या मतदाराला भाटकाराच्या जाचातून सुटायचं होतं. त्यासाठी गोवा रत्नागिरीसारखा महाराष्ट्राचा एक जिल्हा व्हायलाच हवा, असं त्यांतल्या सगळ्यांना वाटत होतं असं नाही.

शिवाय १९६३ ते १९६७ या काळात महाराष्ट्राचा थोडाफार अनुभवही येऊन गेला होता. प्रतिनियुक्तीवर बाहेरून आलेले अधिकारी सरकारी खात्यांत बसले आणि शिकलेल्या गोवेकर तरुणांना आपल्या नोकऱ्या जाताना दिसू लागल्या. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेराला विलीनीकरण म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विधानसभेत बहुमत आहे, तेव्हा तिथेच निकाल लावा, असं मगोचं म्हणणं होतं. सिक्वेरांच्या पक्षाचं म्हणणं, एवढ्या मोठ्या आणि मागे न फिरवता येणाऱ्या गोष्टीचा कौल थेट लोकांकडून घ्या. दिल्लीने अखेर हे मानलं आणि डिसेंबर १९६६मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती वातावरणात व्हावं म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला. मागणी विरोधकांची होती, पण राजीनामा बांदोडकरांनी दिला. पोटनिवडणुकीतही सरकारी गाड्या फिरताना पाहायची सवय झालेल्या आपल्याला हे जरा अपूर्वाईचं वाटेल. मुंबईत आणि इतरत्र गेलेल्या गोवेकरांनाही मत द्यावं, ही विरोधकांची दुसरी मागणी मात्र मान्य झाली नाही. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, राहणारे दर्यावर्दी गोवेकर घरच्यांना पत्रं लिहिण्यापलीकडे फारसं काही करू शकत नव्हते.

प्रचारात एक गंमत होती. विलीनीकरणाच्या बाजूचा युक्तिवाद असा की गोव्याची खरी भाषा मराठी, कोकणी ही तिची बोली. यावर विरोधी प्रचाराची सर्वांत धारदार तोफ डागली गेली ती मराठीतूनच. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. पोर्तुगीज किंवा कोकणी रोमी लिपीत वाचणारा ख्रिस्ती वाचक आधीच दोन पानांच्या बाजूला होता. त्याला पटवण्यात वेळ कशाला घालवायचा? पटवायचं होतं ते मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांना, म्हणून मजकूर मराठीत. घोषणा मात्र कोकणीत: आमचें गोंय आमकां जाय. गावोगावच्या सभांतून उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी घुमत होती. पलीकडून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं ‘झालंच पाहिजे’ येत होतं. महाराष्ट्रात दहा वर्षांपूर्वी याच घोषणेने सरकारला घाम फोडला होता. गोव्यात तिचा सूर लागला नाही, कारण इथे ती कालपरवापर्यंत सत्तेवर असलेलाच पक्ष देत होता.

आता आकडे पाहू, कारण मताची किंमत याहून उघडपणे क्वचितच दिसते. मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ (५४ टक्के) आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१चा. यातल्या १७,०११ जणांनी शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारला असता तर आज पणजी हे महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण असतं. आणि ज्या दिवशी अख्खा मुलूख रस्त्यावर लोटला होता त्या दिवशीसुद्धा ७०,७९९ मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत. फरकाच्या दुपटीहून जास्त! ७,२७२ मतं बाद झाली ती वेगळीच.

ख्रिस्त्यांनी गोवा अडवला, असा एक समज आपल्याकडे अजून टिकून आहे. ख्रिस्ती तेव्हा गोव्यात निम्म्याहून बरेच कमी होते. त्या सगळ्यांनी मिळून एकजात दोन पानांवर शिक्के मारले असते तरी ५४ टक्के भरले नसते. हजारो हिंदूंनीही विलीनीकरण नाकारलं, आणि त्यांत मगोचे मतदारही असणार. ‘भारतात झालेलं एकमेव सार्वमत’ हे वाक्यही दरवर्षी १६ जानेवारीच्या, म्हणजे अस्मिताय दिसाच्या, आसपास ऐकू येतं. ते पुरतं खरं नाही. जुनागढमध्ये १९४८ला आणि सिक्कीममध्ये १९७५ला लोकांना असंच विचारलं गेलं होतं. ‘भारतात यायचं का’, हा तिथला प्रश्न होता. भारतातच राहून कुठल्या घरात नांदायचं, एवढंच गोव्याला ठरवायचं होतं.

निकालानंतर विलीनीकरणवाद्यांची घोर निराशा झाली, पण निकाल नाकारून त्यांनी रान पेटवलं नाही. त्यानंतर लगेचच, मार्च १९६७मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या नेत्याची जन्माची मागणी लोकांनी जानेवारीत फेटाळली, त्याचं आता काय होणार? मगो पुन्हा निवडून आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ऑगस्ट १९७३मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. माणूस हवा, मागणी नको, हे ज्या मतदाराने अडीच महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या शिक्क्यांनी सांगितलं, त्याला मतपेटी पहिल्यांदा दिसून जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. अशिक्षितांच्या हाती मताधिकार देऊ नये असं म्हणणारे शहाणे तेव्हाही होते, आजही भेटतात. त्यांनी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

कौलाने गोव्याचं राज्य झालं नाही, ते ३० मे १९८७ला झालं. त्याच वर्षी राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि सरकारी कामकाजात मराठीचीही सोय ठेवली. भाषेचा तो वाद त्यानंतरही धुमसत राहिला.

गोव्यात कौलाची तयारी चालू होती त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६मध्ये, बेळगावच्या प्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला होता. त्याचा अहवाल ऑगस्ट १९६७मध्ये आला, बेळगाव कर्नाटकातच ठेवा असं सांगणारा. गोवा हातचा गेला म्हणून हळहळणारे आपण बेळगावसाठी मात्र ‘लोकांना विचारा’ असंच म्हणत आलो. गोवेकरांना विचारलं गेलं होतं. बेळगावच्या, निपाणीच्या, खानापूरच्या माणसाला हा प्रश्न कुणी मतपत्रिकेवर छापून दिला नाही, म्हणून तो अनेक वर्षं निवडणुकीमागून निवडणूक महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडून देत आपलं उत्तर कळवत राहिला. २००४मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथे वाद घालणारे आहेत ते वकील.