बाळसे, वजन आणि ‘आणखी एक घास’

मूल नीट वाढते आहे की नाही, हे मराठी घरात वजनकाट्याआधी डोळ्यांनी ठरते. गाल भरलेले दिसले की बाळाने बाळसे धरले असे म्हणतात, आणि हातपाय काटकुळे दिसले की खाल्लेले अंगी लागत नाही या काळजीने आई, आजी, शेजारीण असे सगळेच त्याच्या तोंडाशी आणखी एक घास नेऊ लागतात. पालकांच्या भरवण्याच्या सवयींचा मुलाच्या खाण्याशी आणि वजनाशी काय संबंध असतो, यावर गेल्या काही दशकांत जगभर संशोधन झाले आहे. परंतु ते पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लावून पाहण्याआधी पुण्यातच झालेल्या कामाकडे वळावे लागते, कारण त्याने डोळ्यांच्या या मापावरच प्रश्नचिन्ह लावले आहे.

केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुणे परिसरातील सहा खेड्यांत एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे 3.5 किलो भरले. मात्र पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, त्या मानाने त्यांच्या त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण चरबीच्या प्रमाणात लठ्ठ, असे हे शरीर आहे. हा अभ्यास सुरू होण्याआधी केईएममध्येच जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली, आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त अशा मुलांत आढळली, जी जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरली होती. ज्या भरण्याने घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, नेमके तेच या मुलांच्या बाबतीत तपासून पाहण्याजोगे ठरते.

भरवण्यातील सक्तीचा परिणाम अमेरिकेतील लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून तपासला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारची सूप देण्यात आली आणि त्यांतील एकच संपवण्याचा लकडा लावण्यात आला, तेव्हा मुलांनी आग्रह नसलेले सूप अधिक घेतले आणि आग्रहाच्या सुपाविषयी कुरकुर केली. बंदीचा परिणामही याच जातीचा आहे. डोळ्यांसमोर ठेवलेला पण खाण्यास मनाई असलेला खाऊ मुलांना अधिकच हवासा वाटतो, असे त्याच संशोधकांना 1999 मध्ये दिसले होते. दोन्ही बाबतींत मुलाचे लक्ष स्वतःच्या पोटावरून मोठ्यांच्या हुकमाकडे वळते, आणि पोट भरल्याची जाणीव ओळखण्याची त्याची उपजत क्षमता मागे पडते. ताटात काही टाकू नये हा संस्कार अन्नाची किंमत शिकवतो हे खरे. पण ते ताट मोठ्यांनी आपल्या अंदाजाने वाढलेले असेल, तर शिक्षा मुलाच्या भुकेला होते.

तरीही सक्ती करणाऱ्या घरांतील मुले लठ्ठ होतात, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. ज्या मुलांना जास्त आग्रह होतो ती बहुधा बारीक असतात, आणि ज्यांच्या खाण्यावर पहारा असतो ती जाड. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला असता, मुलाचे वजन पाहून पालक आपली पद्धत बदलतात, असेच ठळकपणे दिसले. दोष सगळा आईच्या हाताला लावण्याची आपल्याकडची सवय त्यामुळे अन्याय्य ठरते.

औद्योगिक पट्ट्यात तर भरवणारा हात एकच नसतो. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिल्यापासून आणि पुढे एमआयडीसी, आकुर्डी, भोसरी, चाकण असा हा विस्तार होत गेल्यापासून मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे येथे एका-दोन खोल्यांत राहतात. वडील पाळीवर, आई कधी कंपनीत तर कधी घरकामाला, आणि आजी अनेकदा गावीच. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार, म्हणून लहानग्याला गप्प ठेवण्यासाठी मोबाइल किंवा पाच-दहा रुपयांचे पाकीट हाती दिले जाते, आणि मग जेवणाच्या वेळी भूक नसलेल्या त्याच मुलामागे वाटी घेऊन फिरावे लागते. यात हयगयीपेक्षा वेळेची आणि जागेची ओढाताण अधिक आहे.

शिवाय कमी खाऊ घाला, असा सल्ला येथे सरसकट देताच येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 36.1 टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती, तर जादा वजनाची मुले आधीच्या फेरीतील 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेली होती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ज्याचा पुरस्कार करते ते प्रतिसादी भरवणे, म्हणजे मुलाच्या भुकेच्या आणि तृप्तीच्या खुणा ओळखून, न रागावता व न लालूच दाखवता भरवणे, बारीक आणि जाड अशा दोन्ही मुलांना लागू पडते. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी 1980 च्या दशकात त्याची सोपी वाटणी सांगितली: काय, केव्हा आणि कोठे द्यायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. वरण-भात, भाकरी, भाजी, अंडे यांपैकी काय शिजवायचे हा निर्णय त्यात मोठ्यांकडेच राहतो, एवढे आजीच्या समाधानासाठी सांगायला हवे.

वजनाचा आलेख ठेवण्याची सोय अंगणवाडीत आहे आणि तेथील नोंदी नजरेपेक्षा भरवशाच्या असतात. पण अंगणवाडी सहाव्या वर्षी सुटते, आणि पुण्याच्या संशोधकांना ज्या वयात धोक्याची चिन्हे दिसली, त्या आठव्या वर्षापर्यंत मुलाचे वजन नियमाने करणारी जागा बहुतेक घरांना उरत नाही.