आकडा उलटतपासणीत टिकला पाहिजे

दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते, हा संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालातील आकडा सभांमधून हमखास ऐकू येतो. आकडा खोटा नाही. पण ते मृत्यूसमयीचे सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. ज्या समाजात तरुणांचे प्रमाण जास्त, तिथे ही सरासरी आपोआप खाली येते. विरोधक नेमके इथेच बोट ठेवणार.

आयुर्मानासाठी वयोगटवार मृत्युदर मांडावे लागतात. नऊ राज्यांच्या सर्वेक्षणावरून तसे मांडणारा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दलितांचे आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा ३ वर्षांहून, आदिवासींचे ४ वर्षांहून अधिक कमी निघाले. आर्थिक स्थितीने यातला निम्माही फरक उलगडत नाही! 'प्रश्न जातीचा नाही, गरिबीचा' म्हणणाऱ्यांना हेच उत्तर.

हे शास्त्र म्हणजे जैवसांख्यिकी. परदेशी विद्यापीठांत पदवीनंतर त्याचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतही हा विषय शिकवला जातो. आमच्या डॉक्टर, नर्स, विज्ञान पदवीधरांनी तिकडे वळावे. साक्षीदार कच्चा निघाला की खरा खटलाही बुडतो, हे आम्ही वकील रोज पाहतो. आकडा हाही साक्षीदारच. त्याला पढवणारे नकोत, तपासणारे हवेत. आणि ते आमच्यातूनच निघाले पाहिजेत.