वेजचा शाफ्ट आणि चेंडूची फिरकी

आजचा विषय तसा नेमका आहे. वेजचा शाफ्ट बदलला तर चेंडूला जास्त फिरकी मिळते का, आणि मिळत असेल तर शाफ्ट कोणता घ्यायचा? समोर दोन-तीन जण गोल्फ न खेळणारे बसलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेज म्हणजे मराठीत पाचर. पिशवीतले आखूड आणि सगळ्यात तिरक्या तोंडाचे क्लब ते वेज. हा तिरकेपणा, म्हणजे लॉफ्ट, साधारण ४५ ते ६० अंश. लांब मारणं हे त्यांचं काम नाही. चेंडू उंच उचलायचा, ग्रीनवर टाकायचा आणि तिथेच थांबवायचा. आणि चेंडू थांबतो मुख्यतः दोन गोष्टींवर: तो किती उभा खाली येतो आणि त्याला उलटी फिरकी किती आहे.

ही फिरकी किती असते? अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या खेळाडूंचे ट्रॅकमॅन या रडार यंत्राने काढलेले सरासरी आकडे प्रसिद्ध आहेत. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेतो, सात नंबरच्या आयर्नचा ७,१००, आणि पिचिंग वेजचा ९,३०० च्या आसपास. टीव्हीवर चेंडू ग्रीनवर पडून मागे सरकताना दिसतो तो यामुळे. आपला चेंडू मात्र पडतो आणि आरामात पलीकडच्या बंकरकडे निघतो. मग माणूस दुकानात जातो, तिथे कोणीतरी सांगतं की शाफ्ट बदला, स्पिन वाढेल. तीन वेज, तीन शाफ्ट, तीन ग्रिप, वर बसवण्याची मजुरी. रक्कम लहान नाही. म्हणून पैसे देण्याआधी शाफ्ट काय करू शकतो आणि काय नाही, हे बघू.

क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून किती वेळ असतात, अंदाज करा. सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग, अर्धा मिलिसेकंद. आता शाफ्ट कडे वळू. वेज ग्रिपकडून शिकंज्यात घट्ट धरली आणि हेड ओढून सोडलं, तर ती मिनिटाला तीनशेच्या आसपास हेलकावे घेते. कारागीर शाफ्टचा कडकपणा असाच मोजतात. म्हणजे एका हेलकाव्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि चेंडूची भेट त्याच्या चारशेव्या भागात संपते! शाफ्टला वाकून परत सरळ व्हायला, ‘चाबकासारखा’ फटका द्यायला तेवढ्यात वेळच नाही. तुमच्या हाताला फटका जाणवतो तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी गोल्फच्या फटक्याचा शास्त्रीय अभ्यास १९६८ साली पुस्तकरूपाने मांडला. त्यात एक गमतीदार प्रयोग आहे. त्यांनी एका क्लबच्या शाफ्टला हेडच्या थोडं वर चक्क बिजागरी बसवली. दाराला असते तशी. आणि चांगल्या खेळाडूकडून फटके मारून घेतले. चेंडू जवळपास नेहमीइतकाच लांब गेला. आघाताच्या क्षणी हेड जणू मोकळंच असतं, शाफ्टला जोडलेलं नसल्यासारखं. म्हणून जाहिरातीत ‘शाफ्ट चेंडूला फिरकी देतो’ असं वाचलं की सावध व्हा. शाफ्ट चेंडूला काहीच देत नाही. तो हेडला चेंडूपर्यंत पोचवतो. कसं पोचवतो, त्यावर मात्र बरंच अवलंबून आहे आणि आजचा विषय तिथेच आहे.

आधी फिरकी येते कुठून ते बघू. क्लबहेड एका दिशेने जात असतं, पण त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला, वर बघत असतं. या दोन दिशांमधल्या कोनाला स्पिन लॉफ्ट म्हणतात. समजा आघाताच्या वेळी वेजचा लॉफ्ट प्रत्यक्षात ४५ अंश आहे आणि हेड ५ अंशांनी खाली उतरतंय, तर स्पिन लॉफ्ट ५०. हा कोन वाढला की फिरकी वाढते. पण किती? इथे लोक फसतात. एका मर्यादेपलीकडे चेंडू तोंडावर पकड घेत नाही, नुसता घसरून वर चढतो. मग उंची मिळते, फिरकी नाही. मनगट मोडून चेंडू वर ‘उचलणाऱ्या’ माणसाचं नेमकं हेच होतं: चेंडू छान आकाशात जातो आणि पडल्यावर पळत सुटतो. फिरकीचा वेज शॉट दिसायला उलट खालून निघतो, थोडा दबलेला.

म्हणजे सगळा खेळ पकडीचा, घर्षणाचा. चेंडूचं आवरण मऊ युरेथेनचं आहे की कडक आयोनोमरचं? चाळीस-पन्नास यार्डांच्या फटक्यात या दोन चेंडूंच्या फिरकीतला फरक शेकड्यांत नाही, हजारांत मोजावा लागतो. क्लबच्या तोंडावरच्या खाचा स्वच्छ आहेत का, झिजल्यात का? मध्ये गवत किंवा पाणी आलं का? खाचांचं काम टायरच्या नक्षीसारखं असतं. कोरड्या रस्त्यावर शर्यतीच्या गाड्या गुळगुळीत टायरवर पळतात, पण पावसात खंडाळ्याच्या घाटात नक्षी हवीच, पाणी बाजूला सारायला. तसंच इथे. कोरड्या फेअरवेवर खाचांचा फरक कमी पडतो, ओल्या रफमध्ये फार.

आता एक पुरावा देतो, मला स्वतःला तो सगळ्यात पटतो. गोल्फचे नियम करणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांना वाटलं की व्यावसायिक खेळाडू रफमधूनही फार फिरकी काढतात. त्यांनी २०१० पासून मोठ्या दौऱ्यांवर खाचांवर बंधन आणलं: खाचेचं आकारमान कमी, आणि २५ अंश किंवा जास्त लॉफ्टच्या क्लबांवर खाचेच्या कडा बोथट. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फिल मिकलसन टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत पिंग आय टू ही जुनी वेज घेऊन उतरला आणि मोठा वाद झाला. एप्रिल १९९० पूर्वी बनलेल्या त्या क्लबांना जुन्या कोर्टाच्या तडजोडीमुळे सूट होती. मुद्दा असा, की फिरकी कमी करायची तेव्हा नियमवाल्यांनी खाचांना हात घातला आणि खेळाडूने फिरकी टिकवायला खाचाच शोधल्या. शाफ्टचं नाव कोणी काढलं नाही.

मग शाफ्ट काहीच करत नाही का? करतो. आघाताआधी.

खाली येताना शाफ्ट वाकलेला असतो. हेडचं वजन शाफ्टच्या रेषेत नसतं, थोडं बाहेर असतं, त्यामुळे शेवटी हेड पुढे ढकललं जातं आणि लॉफ्ट किंचित वाढतो. टोकाकडे मऊ शाफ्ट असेल तर जास्त, कडक असेल तर कमी. ड्रायव्हरमध्ये हे ठळक दिसतं. वेज आखूड, वेग कमी, आणि बहुतेक फटके अर्धे-पाऊण. त्यामुळे परिणाम होतो, पण लहान. शिवाय आत्ताच बघितलं तसं वेजमध्ये वाढीव लॉफ्ट म्हणजे वाढीव फिरकी असं नाही, काही वेळा उलटच. ट्रू टेम्परने डायनॅमिक गोल्ड स्पिनर काढला, केबीएसने हाय-रेव्ह काढला, नावातच फिरकी. शाफ्टच्या ठरावीक भागाचा कडकपणा बदलायचा, अशी त्यामागची कल्पना. एखाद्याच्या हातात तो बसेलही. पण त्याला फिरकी मिळाली ती हेड नीट पोचलं म्हणून.

नीट पोचलं म्हणजे काय? तर तोंडाच्या खालच्या भागावर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या खाचेदरम्यान, चेंडू आधी आणि जमीन नंतर. तिथे लागलेला चेंडू खालून निघतो आणि जास्त फिरतो. तोच अर्धा इंच वर लागला तर उंच जातो आणि फिरकी गळते. हा अर्धा इंच ठरवण्यात शाफ्टच्या सगळ्या गुणांपैकी माझ्या मते एकच गुण खरोखर मोठा आहे. वजन.

बाजारातल्या कितीतरी वेज १३० ग्रॅमच्या आसपासच्या स्टील शाफ्टवर येतात, डायनॅमिक गोल्ड किंवा त्याच जातीचा. ज्याच्या आयर्नमध्येही तेवढाच शाफ्ट आहे त्याचं ठीक. पण साठी ओलांडलेले गृहस्थ आयर्नमध्ये ६५ ग्रॅमचा ग्रॅफाइट वापरतात आणि वेज मात्र दुकानातून उचलून आणतात. हातात अचानक दुप्पट वजनाचा शाफ्ट! हात उशिरा येतात, कधी जमीन आधी लागते, कधी चेंडूची टाळू. फिरकी कुठून येणार? त्यांनी आयर्नइतक्याच किंवा दहा-वीस ग्रॅम जड शाफ्टवर यावं. थोडा जड बरा, कारण छोट्या फटक्यात हेडचा पत्ता लागतो, हात घाई करत नाहीत.

कडकपणाचं सांगतो. पिचिंग आणि गॅप वेज आपण पूर्ण ताकदीने मारतो, त्या आयर्नसारख्याच ठेवा. सँड आणि लॉब वेजला एक पायरी मऊ चालतो. टायगर वूड्सकडे बघा, आयर्नमध्ये एक्स १००, वेजमध्ये त्याहून जरा मऊ एस ४००, वजन तेच, जात तीच. कारागीर हीच गोष्ट आठ नंबरच्या आयर्नचा शाफ्ट वेजमध्ये बसवूनही करतात. पण टायगर वापरतो म्हणून आपणही एस ४०० घ्यायचा, हे मात्र नको. त्याचा वेग वेगळा, आपला वेगळा.

(एका पालकांनी विचारलं की, चौदा वर्षांच्या मुलीसाठी वडिलांची जुनी लॉब वेज कापून दिली तर चालेल का.)

आपल्याकडे हे सर्रास होतं, म्हणून बरं झालं विचारलंत. ग्रिपकडून शाफ्ट कापला की तो मऊ होत नाही, उलट कडक वाटतो. एकूण वजनही फारसं कमी होत नाही, कारण हेडच तीनशे ग्रॅमचं. मुलीच्या हातात ती लोखंडी कांबच राहते. ती उचलायला म्हणून मुलं मनगट मोडायला शिकतात आणि ती सवय पुढे जाता जात नाही. तिच्या बाकीच्या आयर्नमध्ये जो हलका शाफ्ट आहे तोच वेजमध्ये बसवून घ्या. इथे शाफ्टवर केलेला खर्च वाया जाणार नाही.

बाकीच्यांनी विकत घेण्याआधी मारून बघा. स्वतःचा चेंडू न्या, रेंजवरचा टणक चेंडू नको, त्यावर फिरकीचे आकडे खोटे पडतात. शक्य असेल तर गवतावरून मारा. चटईवर जमीन आधी लागली तरी क्लब घसरून पुढे जातो आणि फटका चांगला वाटतो. क्लबच्या तोंडावर मार्करने रेघोट्या मारा म्हणजे चेंडू कुठे लागला ते दिसेल. प्रत्येक शाफ्टने दहा फटके पूर्ण, दहा पन्नास यार्डांचे, दर वेळी तोंड पुसून. विक्रेता स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा आकडा दाखवेल. तुम्ही सगळ्यात लहान बघा, आणि दोघांमधलं अंतर बघा. ज्या शाफ्टने दहापैकी आठ खुणा एका नाण्याएवढ्या जागेत आल्या, तो तुमचा, मग त्यावर काहीही नाव छापलेलं असो. दोन शाफ्टमध्ये फरक दिसलाच नाही तर स्वस्त घ्या, आणि उरलेल्या पैशांत युरेथेनचे चेंडू.

पावसाळ्याबद्दल मागून कोणीतरी विचारतंय. ओल्या गवतातून कुठलाच शाफ्ट फिरकी देणार नाही. रफमध्ये चेंडू आणि तोंड यांच्यात ओली पात अडकली की चेंडू फिरकीविना सुटतो आणि अपेक्षेपेक्षा लांब पळतो. कोरडा टॉवेल छत्रीच्या आत लटकवून ठेवा, आणि चेंडू झेंड्यावर न टाकता चार-पाच पावलं अलीकडे टाका.