निवडणूकच झाली नाही तर?

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ या तालुक्याच्या गावी नगरपंचायतीसाठी एकाच निवडणुकीचे मतदान दोनदा झाले, २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींच्या राखीव जागांवरील निवडणूक थांबवली, म्हणून त्या जागा खुल्या करून मागाहून मतदान घ्यावे लागले. तरी नगरपंचायतीत लोकांनी निवडलेले सदस्य बसले. पंचायत समिती आणि लातूर जिल्हा परिषदेच्या वाट्याला तेवढेही आले नाही. मार्च २०२२मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला.

पैसेवाटप, बोगस मतदान यांवर आपण तावातावाने बोलतो. निवडणूक लांबवणे हा त्याहून मोठा धोका आहे, कारण त्यात मतदाराची गरजच उरत नाही. राज्यघटनेच्या २४३-ई कलमानुसार पंचायतीची मुदत पाच वर्षेच असते आणि पुढची निवडणूक ती संपण्याआधी व्हावी लागते. इथे आरक्षण आणि गट-गणांची रचना यांच्या वादात वर्षे गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. तेही झाले नाही, मग मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढली.

या काळात टँकर, शाळेची गळकी खोली, रस्ता यांचा जाब सभागृहात विचारणारे कुणी नव्हते. पंचायत समितीचा प्रशासक असलेला गटविकास अधिकारी सरकारला उत्तरदायी असतो, गावाला नाही. फेब्रुवारी २०१७च्या मतदानावेळी सतरा वर्षांची असलेली तालुक्यातली मुले पंचविशीत पोहोचली, तरी जिल्हा परिषदेसाठी त्यांनी एकदाही मत दिलेले नव्हते.