तोंडाचा कर्करोग : पहिल्या शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं



घरात कुणाला कर्करोग निघाला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. यातला सगळ्यात मोठा डॉक्टर कोण? आज मी तुम्हाला दुसरा एक प्रश्न देणार आहे. आपल्या पेशंटबद्दल सगळे डॉक्टर एकत्र कधी बसणार? तोंडाच्या कर्करोगात या प्रश्नाचं उत्तर पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी मिळालं पाहिजे. नंतर मिळालं तर पुष्कळ वेळा उशीर झालेला असतो.

उदाहरण लखनौचं का

ही मालिका महाराष्ट्राबाहेरही बरेच जण पाहतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी आपली माणसं, उत्तर भारतात शहरोशहरी आहेत. म्हणून आज एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लखनौत गलाईचं दुकान असलेले ५० वर्षांचे एक गृहस्थ. आपण त्यांना काका म्हणू. वीस वर्षं सुपारी आणि तंबाखू. तोंड आता दोन बोटंच उघडतं. मधुमेह आहे. गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ एक जखम आहे, ती महिना झाला तरी भरत नाही.

असे काका उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत उत्तर प्रदेशातले ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. सुपारीला निरुपद्रवी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. तोंड कमी उघडणं हा सुपारीचाच आजार. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात.

इथे पहिली चूक होते

काकांची दाढ हलायला लागली आहे. खालचं हाड गाठीने पोखरलं की दात हलतो. पेशंट दात काढून घेतो. मग ती जखम भरत नाही, आणि गाठीला हाडात शिरायला वाट मिळते. म्हणून तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर आधी तुकडा तपासायचा. त्याला आपण बायोप्सी म्हणतो. 'बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो' हे ऐकून पुष्कळ जण घरी बसतात. तोंडाच्या कर्करोगात तसं होत नाही. पसरतो तो वाट पाहत बसल्यामुळे.

बायोप्सीत कर्करोग आला. आता सीटी स्कॅन किंवा एमआरआय. गाठ केवढी, किती खोल, हाडात शिरली का, मानेतल्या गाठींपर्यंत गेली का, हे त्यात दिसतं. इथपर्यंत सगळे कागद हातात आले. आता एकत्र बसायची वेळ.

ट्यूमर बोर्ड म्हणजे काय

या बैठकीला रुग्णालयात ट्यूमर बोर्ड म्हणतात. एका टेबलाभोवती कोण कोण असतं आणि काकांसाठी प्रत्येक जण काय विचारतो, ते पाहू.

कर्करोग सर्जन विचारतो, गाठ सगळीच्या सगळी निघेल का? भोवतालचा निरोगी भाग धरून काढता येईल का? जबडा चावण्याच्या स्नायूंमागे खोलवर गाठ गेली असेल, तर नुसती कापाकापी करून उपयोग नसतो.

प्लास्टिक सर्जन विचारतो, जबड्याचं हाड काढलं तर तिथे काय बसवायचं? पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात जोडता येतं. पण काकांना मधुमेह आहे. मग पायाच्या रक्तवाहिन्या आधी तपासायला हव्यात.

भूलतज्ज्ञाचा प्रश्न तर कुणाच्या लक्षातच येत नाही. तोंड दोन बोटंच उघडतं, मग श्वासाची नळी घालायची कशी? नाकातून बारीक दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. हे आदल्या दिवशी माहीत असलेलं बरं, की टेबलावर भूल दिल्यावर कळलेलं बरं?

रेडिएशनचा डॉक्टर म्हणतो, शस्त्रक्रियेनंतर बहुधा माझी पाळी येणार, मग दात आत्ताच दाखवा. दंतवैद्य खराब दात आत्ताच काढतो. याशिवाय औषधांनी उपचार करणारा कर्करोगतज्ज्ञ असतो, स्कॅन वाचणारा असतो, तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट असतो, साखर सांभाळणारा फिजिशियन असतो. आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, बोलणं-गिळणं शिकवणारा थेरपिस्ट आणि वेदना सांभाळणारा डॉक्टर, हेही हवेत.

कधी कधी हीच बैठक सांगते की मोठी शस्त्रक्रिया नको. तिने आयुष्य वाढणार नाही, उरलेले दिवस मात्र रुग्णालयात जातील. हे सांगणं एकट्या डॉक्टरला अवघड असतं. सगळ्यांनी मिळून सांगितलं तर घरच्यांनाही ते पटतं, आणि वेदना कमी करण्याचा उपचार वेळेवर सुरू होतो.

क्रम आणि वेळ यावर जीव अवलंबून असतो

टाटा मेमोरिअल रुग्णालयाचं एक संशोधन जगभर गाजलं. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कर्करोग, मानेत हाताला गाठ लागत नाही. मग मानेतल्या लसिका ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढायच्या, की गाठ दिसली तर नंतर काढायच्या? डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांची तुलना करून २०१५ साली उत्तर दिलं. लगेच काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ जणांमागे एक जीव जास्त वाचला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. तीच शस्त्रक्रिया, फक्त वेळेवर.

दुसरी वेळ पुढची. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ते आठवड्यातले ५ दिवस, असं सुमारे ६ आठवडे चालतं. कडेला रोग राहिला असेल, किंवा मानेतली गाठ फुटून बाहेर आली असेल, तर सोबत सिस्प्लॅटिन हे औषधही देतात. आता हिशेब करा. काकांची जखम चिघळली, साखर वाढलेली राहिली, दात काढायचे राहून गेले, तर हे ६ आठवडे भुर्रकन निघून जातात. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही फायदा हातातून सुटतो.

गुंतागुंत आली की धावायचं नसतं, आधीच तयार असायचं

गुंतागुंत म्हणजे डॉक्टरांची चूकच, असं नसतं. एवढ्या मोठ्या उपचारात ती येऊ शकते. कधी काय येऊ शकतं आणि ते कोण पाहणार, हे आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस जोडलेल्या भागाचे. नर्स तासातासाला त्याचा रंग पाहते. तो निळसर झाला किंवा पांढराफटक पडला, तर रक्तवाहिनी बंद होते आहे. प्लास्टिक सर्जनला त्याच वेळी बोलवावं लागतं, सकाळच्या राउंडची वाट पाहून चालत नाही. मानेच्या जखमेतून लाळ झिरपू लागली, तर तोंडाने खाणं थांबवून नाकातल्या नळीने अन्न देतात.

रेडिएशनचा तिसरा आठवडा लागला की तोंड आतून सोलवटतं. घास गिळवत नाही. वजन झपाट्याने उतरतं. इथे आहारतज्ज्ञ लागतो. पातळ मूगडाळ, नाचणीची पेज, सातूचं पीठ पातळ करून, अंडं, दूध, जे गिळता येईल ते. नाहीच गेलं तर नळी. नळीला घाबरू नका, तो पराभव नाही. नळीमुळे रेडिएशनमध्ये खंड पडत नाही, आणि खंड पडला की उपचाराचा परिणाम घटतो.

लखनौच्या मे-जूनच्या उन्हात आणखी एक काळजी. तोंड आलंय म्हणून पाणी जात नाही, बाहेर पारा ४० च्या वर, आणि अंगात सिस्प्लॅटिन. ते औषध मूत्रपिंडावर ताण आणतं. शरीर कोरडं पडलं तर मूत्रपिंड दुखावतं. म्हणून शिरेतून सलाइन, रक्ताच्या तपासण्या आणि लघवी कमी झाली का यावर लक्ष. कानात आवाज यायला लागला किंवा ऐकू कमी आलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते याच औषधामुळे असू शकतं.

आता एक नियम फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. किमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरात पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या वेळचा साधा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. थेट रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं, 'किमो चालू आहे, ताप आलाय.'

काही त्रास उपचार संपल्यावर येतात. मान शस्त्रक्रियेनंतर खांदा जड होतो, फिजिओथेरपी लवकर सुरू केली तर तो सुधारतो. तोंड आणखी आवळतं. आइस्क्रीमच्या काड्या एकीवर एक ठेवून दातांमध्ये धरायचा साधा व्यायाम रोज करावा लागतो. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतं, त्याची तपासणी दर काही महिन्यांनी. आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नेहमीच्या पद्धतीने, कुणालाही न विचारता काढायचा नाही. त्या हाडाला रक्त कमी मिळतं. जखम भरत नाही आणि हाड मरू शकतं. ही सावधगिरी आयुष्यभराची आहे. गावाकडच्या दंतवैद्यालाही फाइल दाखवा.

परळ गाठायचं की इथेच थांबायचं

मराठी माणसाच्या मनात कर्करोग म्हटलं की टाटा. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला सुरू झालेल्या त्या रुग्णालयाबद्दलचा विश्वास अगदी रास्त आहे. पण काकांनी दुकान बंद करून मुंबईत दोन-तीन महिने राहायचं, खोली शोधायची, रोज रेडिएशनला जायचं, हे झेपेल का? लखनौत १९११ पासून चालणारं किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि दंतवैद्यकाची शाखाही तिथेच आहे. आपल्या काकांना याचा किती उपयोग आहे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. रायबरेली रस्त्यावर संजय गांधी पदव्युत्तर संस्था आहे, सुलतानपूर रस्त्याकडे कल्याण सिंह कर्करोग संस्था आहे. वाराणसीत टाटा मेमोरिअलचंच महामना मालवीय कर्करोग केंद्र २०१९ पासून आहे.

शिवाय २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरची ३०० हून अधिक केंद्रं जोडली आहेत. एकसारख्या उपचाराच्या सूचना आणि ऑनलाइन ट्यूमर बोर्ड, हे तिचं काम. अवघड केसचं मत दुसऱ्या शहरातून मागवता येतं, पेशंटला हलवावं लागत नाही. मोठं मत लांबून घ्या, लांबलचक उपचार घराजवळ करा. आयुष्मान कार्ड असेल तर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही मिळतं. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला भेटा.

विचारायचे पाच प्रश्न

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी नम्रपणे, पण जरूर विचारा.

१. ही केस ट्यूमर बोर्डात ठेवली का? काय ठरलं, ते लेखी मिळेल का?
२. मानेतल्या ग्रंथींचं काय करणार?
३. रेडिएशन लागलं तर कुठे आणि कोणत्या आठवड्यात? तारीख आत्ताच घेता येईल का?
४. दात, साखर आणि आहार कोण पाहणार?
५. रात्री ताप आला, रक्त आलं किंवा श्वास अडकला, तर फोन कुणाला करायचा?

चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं. जिथे सगळे तज्ज्ञ एका छताखाली नाहीत, तिथे हेच पाच प्रश्न आणि एकच नीट लावलेली फाइल त्यांना एकत्र आणतात. ती फाइल घरातल्या एकाच माणसाने सांभाळायची, आणि प्रत्येक भेटीला न्यायची. उपचार संपल्यावरही पहिली दोन वर्षं तपासणी चुकवू नका. आजार उलटण्याचा धोका याच काळात जास्त असतो.

पुढच्या भागात आपण तंबाखू सोडताना पहिल्या पंधरा दिवसांत काय होतं आणि त्यातून कसं निभवायचं, ते पाहू. तोपर्यंत आपल्या घरातल्या प्रत्येकाला आरशासमोर उभं राहून, उजेडात, तोंड पूर्ण उघडून एकदा पाहायला सांगा. भेटू या. नमस्कार.