फिट थांबली, पण कांद्यामुळे नव्हे

रस्त्यात कुणाला फिट आली की घोळका जमतो आणि त्यातलं कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं. कांदा नसला तर चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. दोनेक मिनिटांत झटके थांबतात. ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’ हे लोकांचं म्हणणं खरंच असतं. चूक असते ती कारण जोडण्यात. मेंदूतल्या पेशींचा सारा व्यवहार सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालतो. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकाच वेळी बेताल संदेश सोडू लागतात आणि बहुतेक वेळा मेंदूचीच आवर घालणारी यंत्रणा एक ते तीन मिनिटांत त्यांना शांत करते. कांदा धरा, न धरा, फिट तेवढ्याच वेळात थांबणार. मग कांद्यानं बिघडतं काय? बिघडतं हे की त्या नादात करायचं ते राहून जातं. माणसाला कुशीवर वळवणं, डोक्याखाली मऊ काही ठेवणं, घड्याळ पाहणं आणि पाच मिनिटं उलटली तर 108 ला फोन करणं, एवढंच हवं असतं. तोंडात चमचा घालू नये. त्यानं दात तुटतात. जीभ गिळली जाण्याची भीती निराधार आहे.

अंगारे-गंडेदोऱ्यांचं गणितही हेच. दोन फिट्समध्ये कधी आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर असतं. घरचे ‘बाहेरचं’ बघायला जातात ते लागोपाठ फिट्स येऊन गेल्यावर, आणि त्यानंतरचा शांत काळ तसाही येणारच असतो. खरी कारणं मेंदूशी निगडित असतात: जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर, आनुवंशिकता. आपल्या देशात पट्टकृमी हेही मोठं कारण आहे. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाज्यांवर येतात, म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा त्रास होऊ शकतो. जगभरात निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही, पण म्हणून ती बाधा ठरत नाही. आणि फिट आलेल्याला शिवल्यानं अपस्मार, म्हणजे हा फिट्सचा आजार, कुणालाही होत नाही.

हा आजार असा येता-जाता असल्यानं तपासणीतही फसगत होते. फिट नसताना काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत संदेशांचा आलेख, नॉर्मल येऊ शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. निदानाचा मुख्य आधार असतो तो फिट पाहणाऱ्यानं केलेल्या वर्णनाचा. म्हणून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. प्रत्येक फिटमध्ये माणूस कोसळतोच असंही नाही. कुणी ओठ चाटत सदऱ्याची बटणं चाचपत राहतं आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही. वर्गात काही सेकंद शून्यात पाहणाऱ्या मुलाला ‘लक्ष कुठंय?’ म्हणून ओरडा बसतो, हे मला सर्वांत अन्यायाचं वाटतं.

मग गोळ्यांचा गुणही योगायोग कशावरून नाही? शंका रास्त आहे. पण औषधाची परीक्षा एकट्या रुग्णावर होत नाही. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी देऊन दोन्ही गटांतल्या फिट्स मोजतात. शांत काळ दोन्हीकडे येतच असतो; त्यापलीकडे जो फरक उरतो तो औषधाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट निदान आणि उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. उरलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

अडचण अशी की गोळी लागू पडते तेव्हा काहीच घडत नाही, त्यामुळे ती निरर्थक वाटू लागते. दोन-तीन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर काहींच्या गोळ्या हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्या तर लांबलेली, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते. नेमकं हेच लग्नानंतर घडतं, कारण आजार लपवलेला असतो आणि सासरी गोळ्या घ्यायची चोरी होते. सांगितलं तर स्थळ हातचं जाईल, ही आईबापांची भीती खोटी नाही. पण अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून 1999 सालीच वगळलं गेलं. उलट महत्त्वाची गोष्ट लपवल्याचा, फसवणुकीचा आरोप आजही कोर्टात करता येतो. शिवाय व्हॅलप्रोएटसारखी गोळी गर्भाला अपाय करू शकते. ती दिवस राहण्याआधीच डॉक्टरांच्या सल्ल्यानं बदलायची असते, आणि हे नवऱ्याला ठाऊक नसताना कसं जमायचं?