बिगुलाला ‘रे’ येत नाही

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे झेंडावंदन वर्षातून एकदा जास्तीचं असतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि त्यानंतर 17 सप्टेंबर. 1948 साली याच तारखेला निजामाची राजवट संपली. सेलूतल्या शाळकरी पोराला यातून एवढंच कळायचं, की बँडपथकाला वर्षात चारदा मान मिळतो.

आठवीत माझ्या हाती बिगुल आला. खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं पितळ आणि आवळून बांधल्यामुळे दुखणारा पट्टा, अशा थाटात मी मैदानावर उभा होतो. झेंडा वर गेला, फुलं पडली, आम्ही सलामी वाजवली. आणि राष्ट्रगीत सुरू होणार तेवढ्यात सरांनी डोळ्यांनीच खुणावलं, बिगुल खाली घ्या. बासरीवाली पोरं वाजवणार, सगळी शाळा गाणार आणि आम्ही पितळ कमरेला लावून गप्प!

नंतर धीर करून विचारलं, “सर, आम्ही का नाही वाजवायचं?”

“बिगुलाला ‘रे’ येत नाही बाळा,” सर म्हणाले.

मला वाटलं, ते माझ्याबद्दलच बोलताहेत. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं, की सरांनी त्या एका वाक्यात ध्वनिशास्त्राचा अख्खा धडा सांगून टाकला होता.

बिगुल एकदा हातात घेऊन बघा. बासरीला भोकं असतात, पेटीला पट्ट्या असतात. बिगुलाला काय असतं? काहीच नाही. वेटोळं केलेली एक नळी, एका टोकाला वाटीसारखं तोंड, दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखा पसरलेला कर्णा. दाबायला, उघडायला, फिरवायला काहीही नाही. मग यातून वेगवेगळे स्वर निघतात कुठून?

पहिल्या दिवशी प्रत्येक पोरगा तेच करतो, गाल फुगवून जोरात फुंकतो. बाहेर फक्त ‘फूऽऽ’ येतं. कारण बिगुल फुंकायचा नसतोच! ओठ घट्ट मिटायचे आणि त्यांच्या फटीतून हवा अशी दाबायची, की ओठच थरथरायला लागतात. लहान मूल खेळण्यातला ट्रक चालवताना तोंडानं ‘बुर्रऽऽ’ करतं ना, तेच. आवाज ओठांचा, बिगुल नंतर येतो. आणि म्हणूनच समोर उभं राहून कुणी चिंच चोखली, की बिगुलवाल्याचा खेळ खलास. तोंडाला पाणी सुटतं, ओठ सैल पडतात. हा प्रयोग आमच्यावर दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी यशस्वी व्हायचा.

आता खरी गंमत. नुसत्या ओठांनी तुम्ही कुठलाही स्वर काढू शकता, हवा तेवढा खाली, हवा तेवढा वर. पण त्याच ओठांना बिगुल लावा, की नळी म्हणते, हा चालेल, हा नाही चालणार. मोजके स्वर ती उचलून धरते, बाकीच्यांना थारा देत नाही. पितळेच्या निर्जीव नळीला ही निवड कशी जमते?

नागपंचमीचा झोका आठवा. झोका परत आला की नेमक्या क्षणी धक्का द्यायचा, मग तो उंच चढतो. अवेळी धक्का दिला तर हिसका बसतो, झोका मंदावतो. बिगुलातही तेच चालतं. ओठ एकदा उघडले की हवेचा एक धक्का नळीतून पळत कर्ण्यापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. थांबा. परत येतो? तिथे तर भिंत नाही, समोर उघडं मैदान आहे! तरीही येतो. चिंचोळ्या नळीतून एकदम मोकळ्या जागेत आल्यावर धक्क्याचा काही भाग निसटतो, तो आपण ऐकतो. उरलेला मात्र जणू मोकळ्या हवेवरच आपटून माघारी फिरतो. मला हे आजही चमत्कारासारखं वाटतं. आपल्या कानावर पडतो तो बिगुलातून गळालेला आवाज. बिगुल वाजतो तो आत अडकलेल्या आवाजावर.

आमच्या बिगुलाची नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरेल. म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर धावतो. तेव्हा ढोबळमानानं सेकंदाला 115 फेऱ्या झाल्या. ओठांनी या 115 च्या दुपटीनं, तिपटीनं, चौपटीनं उघडझाप केली, तरच परत येणारा धक्का बरोबर वेळेवर भेटतो आणि झोका चढतो. मधल्या कुठल्याही वेगाला नळी साथ देत नाही. आणि आकडे बघा! सर्वांत खालच्या सुरासाठी ओठ सेकंदाला 230 वेळा उघडतात आणि मिटतात. वरच्या पंचमाला जवळजवळ 700 वेळा. तेरा वर्षांचं पोरगं, पायात खडू लावलेले बूट, आणि ओठ मात्र डासाच्या पंखांच्या तोडीचे!

दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट. शाळेतला मुलगा एवढ्यांपर्यंत पोचतो. हे आकडे कानात शिरले की काय होतात? सा, प, सा, ग, प. बस्स, हाच बिगुलाचा संसार. कुठल्याही पोलीस परेडचा बिगुल ऐका, कुठलीही लष्करी सलामी ऐका, याच पाच पायऱ्यांवरची चढउतार आहे.

मग ‘रे’ कुठे गेला? तो आहे, पण फार वर राहतो. या जिन्याच्या खालच्या पायऱ्या उंच-उंच आहेत आणि वर जाल तशा त्या जवळजवळ येतात. पायऱ्या पटीनं मोजल्या तर आठव्या पायरीवर, म्हणजे आठपटीला, तार सा, आणि नवव्या पायरीवर थेट, शुद्ध, सुरेल रे! तिथपर्यंत ओठ न्यायचे तर सेकंदाला हजारावर उघडझाप हवी. अठराव्या शतकात युरोपातले ट्रंपेटवाले तिथे जाऊन चक्क अख्खी गाणी वाजवत, कारण पायऱ्या तिथेच दाट आहेत. आमचे ओठ सहाव्या पायरीलाच बधिर व्हायचे. सातव्या पायरीबद्दल न बोललेलं बरं. ती कोमल निषादाच्या खाली कुठेतरी लटकते, आणि चुकून तिच्यावर पाय पडला की सगळी शाळा हसते. हसू नका. चूक पोराची नसते, निसर्गानं ती पायरीच तशी बांधली आहे.

आणि हा ‘ग’? त्याला तुम्ही आधी भेटलेले आहात. तंबोरा नीट जुळला, की कुठल्याच तारेवर न लावलेला एक गांधार हवेत तरंगताना ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो येतो खर्जाच्या तारेच्या पाचपट कंपनातून. म्हणजे मैदानावरचा धुळीनं माखलेला बिगुल आणि मैफलीतला तंबोरा, दोघांचा गांधार सख्खा एकच! पेटीचा गांधार याच्याहून जरासा चढा असतो, कारण पेटीत बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले आहेत. शाळेत पेटी आणि बिगुल एकत्र वाजले की संगीताचे शिक्षक आमच्याकडे रागानं बघायचे. सुरात कोण होतं, हे आता तुम्हीच ठरवा.

आता राष्ट्रगीत गुणगुणा. पहिलं अक्षर ‘ज’, स्वर सा. दुसरं अक्षर ‘न’, स्वर रे. संपलं! 52 सेकंदांच्या गीतात आमचा बिगुल पहिला सेकंद संपायच्या आत बाद.

याच गावात लग्नाच्या वरातीतला ट्रंपेटवाला मात्र कुठलंही सिनेमाचं गाणं सहज वाजवायचा. मला त्याचा प्रचंड हेवा वाटे. त्याच्याकडे होतं काय जास्तीचं? तीन खटके. 1818 साली बर्लिनमध्ये स्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोघांनी खटक्याचं पेटंट घेतलं. खटका दाबला की नळीला एक जादा तुकडा जोडला जातो, नळी लांबते, सगळा जिना थोडा खाली सरकतो. तीन खटक्यांनी सात वेगवेगळ्या लांब्या मिळतात. म्हणजे एका कर्ण्यात सात बिगुल लपलेले! एकाला जो स्वर येत नाही तो दुसऱ्याला येतो. हजारो वर्षं शिंग फुंकणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचायला एवढा उशीर का लागला असेल?

शिंग हा शब्द मी उगाच वापरला नाही. ‘बिगुल’ हा शब्द मागे-मागे नेला तर लॅटिनमधल्या गोऱ्ह्यापाशी जाऊन थांबतो, कारण पहिला बिगुल म्हणजे बैलाचं शिंगच. आपण रणशिंग फुंकतो, युरोपीयांनी गोऱ्ह्याचं नाव फुंकलं. दोन खंड आणि एकच बैल.

बँडवर काय वाजतं आणि काय वाजत नाही, हा प्रश्न तुम्हाला पोरखेळ वाटत असेल, तर एक गोष्ट ऐका. 25 ऑगस्ट 1948 ला नेहरूंनी संविधान सभेत राष्ट्रगीताबद्दल निवेदन केलं. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनात आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची चाल मागितली गेली होती, आणि तिथल्या वाद्यवृंदानं ‘जन गण मन’ वाजवलं होतं. राष्ट्रगीत वाद्यवृंदावर आणि बँडवर शोभलं पाहिजे, हा नेहरूंच्या म्हणण्यातला मोठा मुद्दा होता. ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजवणं अवघड, असा आक्षेप होता. तो खोडून काढायला कोण उभं राहिलं? मराठी रंगभूमी आणि चित्रपट गाजवलेले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. त्यांनी झिंजोटी रागात चाल बांधली, बँडवर बसवली आणि दिल्लीत वाजवून दाखवली. निर्णय 24 जानेवारी 1950 ला झाला आणि ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं, ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला. माझं मत विचाराल तर मास्तरांची ती खटपट मराठी शाळांच्या पुस्तकात असायला हवी होती. देशाच्या गीताचा प्रश्न बँडच्या नळ्यांपर्यंत येऊन ठेपतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

आणि नेहरू हे बोलत होते त्या दिवशी सेलू निजामाच्याच राज्यात होतं. सुटका व्हायला अजून 23 दिवस होते. याच राज्यात 1938 साली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. गाण्याची एवढी किंमत मोजलेल्या मुलखात मी सलामी वाजवत होतो, आणि लक्ष सगळं पट्ट्याकडे!

आता बँडपथकात बिगुलाच्या शेजारी असणाऱ्या ढोलाबद्दलही थोडक्यात सांगतो. साइड ड्रमच्या खालच्या पडद्याला तारा लावलेल्या असतात. काठी वर पडते, आतली हवा खालचा पडदा ढकलते, तारा त्यावर तडतडतात. तारा सैल करा, ‘तर्रर्र’चं ‘ढब्ब’ होतं. पण या ढोलाला तबल्यासारखा सूर का नसतो? साध्या पडद्याची कंपनं दुप्पट-तिप्पट अशी हिशेबात बसत नाहीत, म्हणून कानाला नुसता दणका कळतो. तबल्या-मृदंगाच्या मधोमध शाई असते, आणि तीच कंपनांना हिशेबात आणते. हे 1920 साली दाखवून दिलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. ती शाई पहिल्यांदा लावणाऱ्या अनाम कारागिराला नोबेल कोण देणार?

बँडवाले एकदा विज्ञानाच्याही कामी आले, त्याची गोष्ट रेल्वेपासून सुरू होते. सेलूला रेल्वे आहे, मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची. गाडी स्टेशनातून न थांबता धडधडत गेली, की जवळ येताना चढलेली शिट्टी पुढे जाताच एकदम उतरते. हे खरं की कानाचा भ्रम, ते तपासायला 1845 साली हॉलंडात बाइस बॅलट या शास्त्रज्ञानं चक्क पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांना रेल्वेच्या उघड्या डब्यात बसवलं, आणि रुळाशेजारी सुरांचे जाणकार उभे केले. पहिला प्रयत्न थंडीवाऱ्यानं फसला, दुसरा जमला. सूर खरोखरच उतरत होता. आवाज फार वेगानं धावत नाही म्हणून हे घडतं, आणि ते खरोखर घडतं याचा पुरावा बँडवाल्यांनी दिला!

आवाजाची ही सावकाशी परेडच्या मैदानावरही दिसते. संचलनाचा ताल मिनिटाला 120 पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात आवाज जातो सुमारे 170 मीटर. ढोलापासून तेवढ्या अंतरावरची तुकडी तालाला अगदी पक्की असेल, तरी ढोलवाल्याचा डावा पाय पडतो तेव्हा तिचा उजवा पडणार! कुणीही चुकलेलं नाही, दोघंही त्याच ढोलावर चालताहेत. म्हणून तर ढोल पथकाच्या मध्ये ठेवतात आणि पुढच्याच्या हातात उंच नाचणारी काठी देतात. डोळ्याला मिळणारी खूण उशीर करत नाही.

तेव्हा येत्या 17 सप्टेंबरला मराठवाड्यात कुठेही असाल, तर पाहुण्यांच्या मंडपात बसू नका. मैदानाच्या पार दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. मोठ्या ढोलावर काठी पडताना डोळ्यांनी बघा, मग आवाजाची वाट बघा. आणि राष्ट्रगीत सुरू झाल्यावर एखादं पोरगं बिगुल खाली घेऊन गप्प उभं दिसलं, तर कार्यक्रम संपल्यावर त्याला जवळ बोलवा आणि नवव्या पायरीबद्दल सांगा.